तळाशी नाव आहे

रविवार, १८ मे २०२५

सोमवार, १८ मे २००९. सकाळी साडेदहाच्या सुमाराला उत्तर श्रीलंकेतल्या एका पुलापाशी गणवेशातल्या माणसांनी अरुळनेसन नावाच्या शाळामास्तराला बसमध्ये बसवलं. चौकशी करून संध्याकाळी सोडतो म्हणाले. ती संध्याकाळ अजून व्हायची आहे.

तक्रारीचं पत्र असं सुरू करायचं, हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांनी शिकवलं. आधी अन्यायाची तारीख आणि वेळ, मग हकिगत, शेवटी मागणी आणि लेखी उत्तराची मुदत. मधे रडगाणं नको. पुढे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात मी जन्मभर डॉक्टरांची पत्रं टाइप केली, आणि रिटायर झाल्यापासून स्वतःची लिहिते: कौन्सिलला, बस कंपनीला, खारट ब्रेड विकणाऱ्या दुकानाला. माझं पत्र आलं की कौन्सिलमधले लोक सुस्कारा टाकतात म्हणे. टाकू देत. इंग्रजी मी त्यांच्यासाठी ठेवलंय. ही रोजनिशी मराठीतच.

अरुळनेसन म्हणजे माझी शेजारीण तिलकवती हिचा धाकटा भाऊ. तिचं घर आणि माझं घर यांत एक भिंत आहे, तीही अशी पातळ की तिच्या कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बघते. आमचं बोलणं इंग्रजीतच, इथे मी ते मराठीत उतरवते. आज सकाळी ती वाडगाभर पेज घेऊन आली. तांदूळ, पाणी, मीठ. बास. मला वाटलं, बाई घाईत विसरली. मी त्यात चमचाभर तूप सोडलं, वर लिंबाचं लोणचं घेतलं आणि म्हटलं, "आता कशी चव आली!" तिनं वाडग्याकडे बघितलं. मग म्हणाली, "युद्धाच्या शेवटच्या दिवसांत आम्हाला एवढंच मिळायचं, अक्का. म्हणून या तारखेला आम्ही एवढंच खातो."

सत्तरी ओलांडली तरी माणसाला जमिनीत गडप व्हावंसं वाटू शकतं. मी वाडगा बाजूला सारला तर म्हणाली, "खा. तूप टाकून द्यायचं नसतं."

या बाईचे उपकार कसे फेडायचे मला समजत नाही. जानेवारीत माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. माझा मुलगा यतीन मँचेस्टरहून आला, दोन दिवस माझ्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून मीटिंगा केल्या, फ्रीज भरला आणि गेला. माझे यजमान शशिकांत असते तर गोष्ट वेगळी. त्यानंतर रोज तिलका आली. आंघोळीला हात दिला. मी कण्हले की म्हणायची, "अक्का, तोंड चांगलं चालतंय, आता पाय चालवा." आज मी काठीशिवाय जिना उतरते, ते तिच्यामुळे.

तिच्यासाठी मी एकच गोष्ट करू शकते. पत्र.

बुधवार, २१ मे

ईशिता येऊन गेली. आमच्या मराठी मंडळातल्या सुप्रभाची मुलगी, लंडनला वकील आहे. तिची संस्था तमिळ लोकांचे जबाब गोळा करते. ते जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांकडे जातात, तिथे पुरावे जपून ठेवतात, कधीतरी खटला उभा राहील म्हणून. मुदत ३० जून.

"वीणा मावशी, स्टेटमेंट खूप चांगली झाला पाहिजे," ती म्हणाली. मुलगी हुशार आहे. मराठी तिच्या जिभेवर पाहुण्यासारखं बसतं, पण बसतं तरी. "आणि साइन्ड पाहिजे. नाव नसला तर वेट कमी होतो."

तिलका म्हणाली, "मी सगळं सांगेन. नाव नाही."

"आंटी, ते कॉन्फिडेन्शियल ठेवतात."

"नाव नाही."

ईशितानं माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनी सांगितलं, जा तू, मी बघते.

तिलकानं भावाबद्दल विचारलं होतं, त्याला कोलंबोच्या एका सरकारी कार्यालयातून आलेलं उत्तरही वाचलं. बराच काळ लोटलेला असल्याने माहिती उपलब्ध होणे कठीण आहे. कुटुंबाने मृत्यूचा दाखला स्वीकारल्यास प्रकरण बंद करता येईल. मी पत्र टेबलावर आपटलं. कुठे मेला, कधी मेला, कुणी मारला, ते सांगणार नाही, पण दाखला देतात! नेणारे कोण होते याची चौकशी करायला यांना वेळ नाही, आणि फाइल बंद करायची घाई केवढी.

"काळ लोटलाय म्हणे," मी म्हटलं. "काळ आपोआप लोटतो, सत्य आपोआप बाहेर येत नाही. ते विचारावं लागतं."

तिलका हसली. "तुम्ही कौन्सिलला असंच लिहिता का, अक्का? कचऱ्याच्या डब्यासाठी?"

"त्याहून कडक."

मंगळवार, २७ मे

आजपासून जबाब टाइप करायला घेतला. ती सांगते, मी टाइप करते. सुरुवात तिनं १९८३ पासून केली. तेव्हा ती कोलंबोत नवीन नोकरीला लागलेली. जुलैमधली दुपार, तमिळांविरुद्ध दंगल पेटलेली. जमाव आला, त्यांच्या हातात तमिळ घरांच्या याद्या होत्या. तिलका, तिची आई आणि अरुळ मागच्या भिंतीवरून उडी मारून एका सिंहली शिक्षिकेकडे लपले. त्या बाईंनी स्वतःच्या पलंगाखाली तिघांना ठेवलं. "त्यांचं नाव जबाबात घालायचं?" मी विचारलं. तिलका म्हणाली, "त्यांचं घाला. त्या आता नाहीत. चांगल्या माणसांचं नाव राहावं."

घर जळलं. काही दिवसांनी तिची आई गल्लीतून जात होती, तर समोरच्या बाईच्या नळावर तिचा स्वतःचा पितळी हंडा. आईचं नाव कोरलेला. आपल्याकडे घालतात तसं त्यांच्याकडेही भांड्यांवर नाव घालतात. ती बाई तो शांतपणे भरत होती. आईला नमस्कारही केला तिनं.

माझं डोकं फिरलं. "मारणारे गुंड असतात, समजू शकते मी. पण ही शेजारीण! चोरलेल्या हंड्यातलं पाणी तिच्या घशाखाली उतरलं कसं? तिच्या घरातल्या कुणीच विचारलं नाही, हा हंडा आला कुठून?"

तिलका उठून सिंककडे गेली आणि कॉफीचा फिल्टर धुवायला लागली. मी म्हटलं, "अगं राहू दे, तो मीच धुते." माझ्या त्या फिल्टरला मी कुणाला हात लावू देत नाही. फक्त जानेवारीत नाइलाजानं तिला लावू दिला. लग्नानंतर इकडे यायला निघाले तेव्हा आईनं ट्रंकेत घातलेला. "नंदूनं कुठूनसा आणलाय, आपल्याकडे कोण पितं कॉफी," म्हणाली होती. नंदू म्हणजे माझा थोरला भाऊ. या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात त्या फिल्टरनंच मला जगवलं. रोज अकरा वाजता आम्ही दोघी त्यातलीच कॉफी पितो. तळाशी कारखान्याचा कसलासा शिक्का आहे, झिजून गेलेला. असलं जड पितळ आता मिळत नाही.

तिलकानं तो पालथा घालून पुसला आणि जागेवर ठेवला. जाताना म्हणाली, "तुमच्या हातची कॉफी छान असते, अक्का." हे आज का, कळलं नाही. पण बरं वाटलं.

मंगळवार, ३ जून

मंडळाच्या स्नेहभोजनाला तिलकाला घेऊन गेले. एक बाई मला बाजूला घेऊन म्हणतात, "त्या मद्रासी बाईंना आपलं जेवण चालेल ना?" मी म्हटलं, "त्या जाफन्याच्या आहेत. मद्रास समुद्रापलीकडे. तुम्हाला कुणी कराचीची म्हटलं तर चालेल का?" बाई माझ्यासाठी ठेवलेली पुरणपोळी परत घेऊन गेल्या. तिलकानं तिच्यातली अर्धी मला दिली.

संध्याकाळी नंदूदादाचा मुंबईहून फोन. गुडघे, रक्तदाब, नातवाची ॲडमिशन. तिलकाच्या जबाबाचं सांगितलं तर म्हणाला, "वीणे, तू कशाला परक्यांच्या भानगडीत पडतेस? तुझा स्वभावच वकिली." लहानपणी मला शाळेतून आणायचा, वाटेत बर्फाचा गोळा द्यायचा आणि घरी सांगू नकोस म्हणायचा. मी कधी सांगितलं नाही.

सोमवार, ९ जून

भांडण झालं. चूक माझी. बहुतेक.

जबाब पुलापर्यंत आला. सगळं स्पष्ट, एकही शब्द फालतू नाही, सिस्टरनी छातीशी धरला असता. फक्त वर नाव नाही. भावाच्या नावाऐवजी "माझा भाऊ". मी म्हटलं, "तिलका, निनावी पत्राची किंमत काय असते मला विचार. हॉस्पिटलात आम्ही ती थेट टोपलीत टाकायचो. सोळा वर्षं झाली. तू इंग्लंडमध्ये आहेस. कसली भीती धरून बसलीस?"

"भीती नाही."

"मग काय? भाऊ हवाय की नको?"

हे मी म्हटलं. माझ्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्मला नाही, आणि शशिकांत गेल्यावर प्रयत्न करणाराही उरला नाही.

तिनं हातातला कप खाली ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही. पुलाच्या अलीकडे एका झाडाखाली टेबल होतं. लढणाऱ्या तमिळ संघटनेशी एक दिवसाचाही संबंध आलेल्यांनी नाव नोंदवावं, लवकर घरी सोडू, असं सैनिक भोंग्यावरून सांगत होते. अरुळनं संघटनेच्या शाळेत गणित शिकवलेलं. तोफेच्या आवाजानं त्याचे कान गेले होते, टेबलावरचा माणूस काय विचारतो ते त्याला ऐकू येत नव्हतं. "मी पुढे झाले, अक्का. मी त्याचं नाव सांगितलं. त्या माणसाला लिहिता येईना म्हणून अक्षर-अक्षर करून सांगितलं. बरोबर लिहिलं जावं म्हणून."

मग ती घरी गेली. भिंतीपलीकडून आज शिट्टी झाली नाही.

मंगळवार, १० जून

अकरा वाजले, ती आली नाही. सव्वाअकराला मीच गेले. शेजारच्या दारात उभं राहून माफी मागायची मला सवय नाही. "मूर्ख म्हातारी आहे मी," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "हो." आणि चपला घालून माझ्याबरोबर आली.

मी कॉफी ओतली. म्हटलं, "नाव नको तर नको. आहे तसा जबाब पाठवू. तुझ्या इच्छेविरुद्ध तुझं नाव मी कुठेही लिहिणार नाही."

तिनं कॉफी संपवली. मग उठली, रिकामा फिल्टर घेऊन आली आणि माझ्यासमोर पालथा ठेवला.

"इथे काय आहे, अक्का?"

"कारखान्याचा शिक्का."

"तमिळ आहे. विशालाक्षी अम्माळ. खाली माहीम."

माहीम म्हणजे माझं माहेर. मी चष्मा पुसला. एवढी वर्षं मी ज्याला नक्षी समजत होते, ती अक्षरं होती. "आमच्या बाजूला असं अम्माळ लावत नाहीत," ती म्हणाली, "ही भारतातली बाई." मग तिनं बोट फिरवलं. अक्षरांवरून आडव्या रेघा गेल्या होत्या. "आणि हे झिजलेलं नाही. कुणीतरी कानशीनं घासलंय. अर्धवट."

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"जानेवारीपासून. तुम्ही आजारी होतात तेव्हा मी धूत होते ना."

"मग बोलली का नाहीस!"

"काय बोलणार? तुमचं घर आहे. कुणी भेट दिला असेल, कुणी विकला असेल." मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही आईच्या हंड्याबद्दल एवढ्या रागावलात, तेव्हा मला कळलं की तुम्हाला माहीत नाही. मला फार बरं वाटलं, अक्का."

पाच महिने ती बाई हे जाणून माझ्या घरी आली, मला उचललं, न्हाऊ घातलं आणि या फिल्टरमधली कॉफी प्यायली. मी माणसं ओळखते असा माझा समज होता.

बुधवार, ११ जून

नंदूदादाला फोन केला. त्याला लगेच आठवलं. मोठ्यानं हसला.

"अगं, तो फिल्टर! अजून आहे? गल्लीच्या तोंडाशी नव्हतं का मद्राश्याचं दुकान, कॉफी दळून द्यायचे? जाडी म्हातारी गल्ल्यावर बसायची बघ. एकोणसत्तर साली दंगल नाही का झाली, फेब्रुवारीत? आम्ही पोरं गेलो होतो. काय दिवस होते! पद्यानं इडलीचं भांडं उचललं, ते त्याच्याच पायावर पडलं, महिनाभर लंगडत होता."

"दुकान तुम्ही फोडलं?"

"सगळ्यांनीच फोडलं. एकट्यानं कुणी काही करतं का?"

"नाव घासायला कानस तू मारलीस?"

"आईनं सांगितलं. म्हणाली, नाव दिसतंय, घासून काढ. मी अर्ध्यात कंटाळलो."

तोच पुढे म्हणाला, "वीणे, छप्पन्न वर्षं झाली. आता उकरून काय मिळणार? म्हातारी कधीच गेली असेल. फाइल बंद कर."

हेच शब्द गेल्या महिन्यात मी कोलंबोहून आलेल्या कागदावर वाचले होते आणि कागद टेबलावर आपटला होता. फोन काही आपटता आला नाही, तो यतीननं दिलेला महागाचा आहे.

त्या दुकानाचा वास मला आठवतो. शाळेत जाताना दळलेल्या कॉफीचा वास गल्लीभर असायचा. मग नसायला लागला. ते गावाला गेले, असं आई म्हणाली होती. आईबद्दल आज काही लिहीत नाही.

शुक्रवार, १३ जून

दोन दिवस मी चहा प्यायले. फिल्टर कपाटात, फडक्यात गुंडाळून. आज अकरा वाजता तिलका आली. मी तिला नंदूदादाचं सगळं सांगितलं. आईनं कानस मारायला सांगितली तेही. वाटलं होतं, ती उठून जाईल. गेली असती तर मी थांबवलं नसतं.

तिनं विचारलं, "आणि तुमचा भाऊ आता कसा आहे? गुडघे?"



मग ती कपाटाकडे गेली, फिल्टर काढला. मी म्हटलं, "मला आता त्यातली कॉफी जाणार नाही."

"विशालाक्षी अम्मांनी तो कॉफीसाठीच घेतला होता. कपाटात ठेवलात तर त्यांचं दुकान तुम्ही पुन्हा बंद केलंत." तिनं पावडर भरली, वरून उकळतं पाणी ओतलं. एवढ्या वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात मी सोडून कुणी त्या फिल्टरमध्ये आपणहून कॉफी केलेली नव्हती. खाली थेंब पडायला लागले तशी ती म्हणाली, "तुमच्या आईला नाव पुसायचं होतं. नाही पुसलं गेलं. कुणीतरी नीट कोरलं होतं म्हणून. नाहीतर आज ही बाई कुणाला सापडली असती? मी समजत होते, नाव लिहिलं म्हणून अरुळ गेला. पण तो कागद कुठेतरी आहे, अक्का. त्या माणसाकडे आहे. त्याचं नाव बरोबर लिहिलेलं आहे, मी स्वतः सांगितलंय. त्यांनी तो कागद दाखवावा."

मग माझ्या शेजारी येऊन बसली. "लिहा. वर माझं नाव. पूर्ण."

मी लिहिलं. तिलकवती अरुमुगम. खाली भावाचं, अरुळनेसन अरुमुगम. तिनं अक्षर-अक्षर करून सांगितलं आणि मी प्रत्येक अक्षर वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद तिनं स्वतः सांगितला: यादी दाखवा, बस कुठे गेली ते सांगा, हुकूम कुणी दिला त्याचं नाव सांगा. मला एक शब्द बदलावा लागला नाही. मग तिनं सही केली. ईशिताला फोन केला तर ती पोरगी म्हणाली, "ओ माय गॉड, मावशी, मला रडू आली." येऊ दे. व्याकरणासह येऊ दे.

कॉफी उत्तम झाली होती. माझ्यापेक्षा चांगली. हे तिला सांगितलं नाही, पण इथे लिहिते. रडगाणं नको म्हणणाऱ्या सिस्टरनी आभाराचं पत्र कसं लिहायचं ते कधी शिकवलं नाही. शिकवलं असतं तरी हिला पुरलं नसतं. ज्या बाईकडे माझं तोंडही न बघण्याची सगळी कारणं होती, तिनं मला चालायला शिकवलं. देवानं भिंत पातळ ठेवली, त्याचे उपकार.

शनिवार, १४ जून

तिलकाचा जबाब रवाना झाला. टेबल रिकामं होतं, तेव्हा आणखी एक पत्र लिहिलं. नक्कल इथे ठेवते.

प्रिय नंदूदादा,

फेब्रुवारी १९६९. तारीख आणि वेळ मला माहीत नाही. पत्र तिथून सुरू करायचं असतं, म्हणून ती जागा मी मोकळी सोडली आहे. ती तू भरायची.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी विशालाक्षी अम्माळ या बाईंचं कॉफीचं दुकान होतं. ते कुणी फोडलं, तू धरून, सगळ्यांची नावं लिही. "सगळेच" असं नाव कुणाचं नसतं. त्या वेळी बाई आत होत्या का? त्यांना काही लागलं का? त्यांना मुलंबाळं होती का, ती कुठे गेली? पद्या हयात असेल तर त्याला विचार. माटुंग्याला त्यांच्यातली जुनी माणसं असतील, त्यांच्याकडे स्वतः जा, गुडघे दुखत असले तरी. माझा खुबा दुखत होता, तेव्हा एका तमिळ बाईनं मला चालवलं.

फिल्टर माझ्याकडे आहे, चालू आहे, तळाशी नाव आहे. त्यांचं कुणी सापडलं तर मी स्वतः घेऊन येईन आणि तू माझ्याबरोबर दारापर्यंत येशील.

तू मला बर्फाचा गोळा द्यायचास आणि घरी सांगू नकोस म्हणायचास. मी विसरलेले नाही, कधी विसरणार नाही. पण हे मी सांगणार आहे.

उत्तर लेखी हवं, तुझ्या हातचं. फोन नको, व्हॉट्सॲपवर हसरे चेहरे नकोत. सोमवार, ३० जून २०२५, संध्याकाळी पाच वाजायच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझी बहीण,
वीणा